‘फवारणी नोंदवताना औषधा…’ : तिकिटांच्या टूलला एजंट जोडतानाचं एक प्रकरण

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यातला मंगळवार. सकाळी पावणेआठला सपोर्ट बघणाऱ्या दादाचा फोन. “रात्री तक्रारी कोणी बंद केल्या रे? पिंपळगावचे भाऊ विचारतायत, औषधाचं प्रमाण अजून चुकीचंच येतंय, मग सोडवलं म्हणून मेसेज कसा काय पाठवता? हा तिसरा फोन आहे.” मी लॅपटॉप उघडला. रात्री अकरा ते अकरा वीसच्या दरम्यान 41 तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, ‘डुप्लिकेट’ म्हणून बंद झाली होती आणि प्रत्येकावर नाव होतं आमच्या प्रॉडक्ट मॅनेजरचं. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो, आणि ताई रात्री दहाच्या पुढे जागी नसते हे ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत आहे.

बंद करणारा एजंट होता, म्हणजे सांगितलेलं काम स्वतः कमांड चालवून करणारा एआय प्रोग्राम. त्याला जोडणारा मी.

आम्ही नऊ जण आहोत, नाशिकच्या गोविंदनगरमधल्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. द्राक्ष बागायतदार आणि पॅकहाउस यांच्यासाठी ॲप बनवतो. त्यात फवारणीची नोंद, छाटणीच्या तारखा, मजुरांची हजेरी, क्रेटचा हिशोब असं सगळं येतं. यातली फवारणीची नोंद सगळ्यात नाजूक. युरोपात जाणाऱ्या द्राक्षात कोणत्या औषधाचा किती अंश चालेल याची कमाल मर्यादा ठरलेली असते. शेवटची फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस सोडायचे तेही औषधागणिक ठरलेलं. निर्यातीचा प्लॉट अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर नोंदलेला असतो आणि काढणीआधी नमुना प्रयोगशाळेत जातो. त्यामुळे ‘प्रमाण चुकीचं दिसतंय’ ही तक्रार ‘बटणाचा रंग फिका आहे’ या तक्रारीच्या पंगतीला बसवता येत नाही.

ऑक्टोबर छाटणीपासून मार्च-एप्रिलपर्यंत तक्रारींना खंड नसतो. निफाड, दिंडोरी, चांदवडकडून व्हॉट्सॲपवर मेसेज येतात, व्हॉइस नोट येतात, सरळ फोनही येतात. दादा ते ऐकून प्रॉडक्ट मॅनेजमेंटच्या टूलमध्ये तिकीट टाकतो, मराठीत, जवळपास बागायतदाराच्याच शब्दांत. हा त्याचा हट्ट आहे आणि तो बरोबर आहे. ‘घड जिरतायत (म्हणजे निघालेले घड न वाढताच नाहीसे होतायत) तिथे नोंद करायला जागा नाही’ याचं इंग्रजी करायला बसलं की त्यातला घडही जातो आणि जिरणंही. डिसेंबरअखेर आमच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे तुंबलेल्या कामांच्या यादीत, सहाशेच्या वर तिकिटं होती. त्यांतली कितीतरी एकाच गोष्टीबद्दल, कारण एक बग दहा गावांतून दहा वेळा येतो. दर सोमवारी ताईची अख्खी सकाळ सारखी तिकिटं शोधून एकत्र करण्यात जायची. एजंट आणायचं ठरलं ते या सोमवारसाठी.

2025 मध्ये टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणारे एजंट पाठोपाठ आले: क्लॉड कोड, कोडेक्स, जेमिनी सीएलआय. आम्ही कोड लिहायला त्यांतला एक आधीपासून वापरत होतो. तिकिटांच्या टूलला तो जोडायचे दोन रस्ते होते. पहिला एमसीपीचा, म्हणजे मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलचा. हा प्रोटोकॉल अँथ्रॉपिकने नोव्हेंबर 2024 मध्ये खुला केला. एजंट आणि बाहेरचं टूल त्यावरून एका ठरलेल्या भाषेत बोलतात, आतून जेसन-आरपीसी असतं, म्हणजे जेसन या मजकुराच्या साच्यात विनंती पाठवायची आणि उत्तर घ्यायची पद्धत. आमच्या टूलचा एमसीपी सर्व्हर तयारच होता. एका ओळीची कमांड, ब्राउझरमध्ये लॉगिन, आणि दहा मिनिटांत एजंट आमची तिकिटं वाचू लागला.

तरी तो रस्ता मी सोडला. त्या सर्व्हरवर कितीतरी क्रिया होत्या, तिकीट काढण्यापासून प्रोजेक्ट उडवण्यापर्यंत, आणि त्या सगळ्यांची वर्णनं दर संभाषणात एजंटच्या डोक्यात भरली जात. लागणार होत्या त्यातल्या चारच. कमांड लाइनवर एजंटला फारसं शिकवावंही लागत नाही. एखादी कमांड कशी चालते हे माहीत नसेल तर तो हेल्प मागवतो, वाचतो, लागेल तिथे पाइप लावतो, म्हणजे एका कमांडचं उत्तर दुसरीला जोडतो. म्हणून टूलच्या एपीआयवर, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या त्याच्या दारावर, मी स्वतः एक छोटी कमांड लिहिली, गो या प्रोग्रामिंगच्या भाषेत, एका दुपारीत. नाव ठेवलं ‘पाटी’. तिच्या चार उपकमांड होत्या: यादी, बघ, टिपण आणि बंद. टर्मिनलवर त्या रोमन अक्षरांतच लिहायच्या, पण नावं हीच.

आज मागे वळून पाहतो तेव्हा कमांड लाइनचा निर्णय चुकला असं मला अजूनही वाटत नाही. ‘बंद’ ही चौथी उपकमांड त्यात का घातली, याचं उत्तर मात्र माझ्याकडे नाही. घालता येत होती म्हणून घातली, इतकंच.

टोकनचं, म्हणजे एपीआयच्या किल्लीचं, थोडक्यात सांगतो, कारण हे अनेकांचं होत असणार. ती किल्ली मी पहिल्या दिवशी सरळ कमांडमध्येच चिकटवली. तशी चिकटवली की ती टाइप केलेल्या कमांड साठवणाऱ्या हिस्टरी फाइलमध्ये जाऊन बसते, आणि कमांड चालू असेपर्यंत त्याच मशीनवरच्या दुसऱ्या कोणालाही प्रोसेसच्या यादीत दिसू शकते. हे लक्षात आल्यावर ती रद्द केली, नवी काढली आणि फक्त मलाच वाचता येईल अशा फाइलमध्ये ठेवली. इथपर्यंत ठीक. पण नवी किल्लीही काढली ताईच्या खात्यातून, कारण सगळ्या प्रोजेक्टवर हक्क तिचाच होता. एजंटसाठी वेगळं खातं घ्या असं मी सरांना म्हणून पाहिलं होतं. त्या टूलचे पैसे माणशी, म्हणजे सीटप्रमाणे लागतात. सर म्हणाले, “मशीनलासुद्धा खुर्ची द्यायची का आता?” सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला.

पहिले दोन आठवडे एजंट फक्त वाचत होता. ‘या आठवड्यात फवारणीबद्दल काय काय आलं’ असं विचारलं की यादी काढून गट पाडून द्यायचा. ताई खूश होती. त्याला बागेची भाषा पूर्ण कळत नव्हती हे खरं. डाऊनी आणि भुरी हे वेगवेगळे रोग आहेत हे त्याला ठाऊक होतं, पण ‘घड जिरतायत’ वाचून त्याने एकदा पचनाशी संबंध जोडला आणि दादाला आठवडाभर पुरेल एवढा विनोद मिळाला. मग आम्ही बागेतल्या शब्दांची एक फाइल करून त्याला दिली, आणि तो प्रश्न सुटला.

त्या सोमवारी रात्री मी घरून काम करत होतो. एजंटला सांगितलं: यादी काढ, सारखी तिकिटं शोध, सगळ्यात जुनं ठेवून बाकीची डुप्लिकेट म्हणून बंद कर, शंका आली तरच तिकीट उघडून पूर्ण वाच. त्याने यादी काढली. पहिलं तिकीट बंद करण्याआधी मला विचारलं. मी पाहिलं, बरोबर होतं, ‘हो’ म्हटलं. दुसरंही बरोबर. तिसऱ्याला मी तो पर्याय निवडला: हो, आणि या कमांडसाठी पुन्हा विचारू नको. मग जेवायला उठलो.

मंगळवारी सकाळी सगळ्यांना वाटलं एजंट वेडा झाला. मलाही तसंच वाटलं, कारण बंद झालेल्या दोन तिकिटांत काडीचंही साम्य नव्हतं. एकाचं शीर्षक होतं ‘फवारणी नोंदवताना औषधाचं नाव दिसत नाही’. दुसऱ्याचं ‘फवारणी नोंदवताना औषधाचं प्रमाण चुकतंय, मिलीऐवजी ग्रॅम येतं’. पहिल्यात काही जुन्या फोनवर नावांची यादी उघडत नाही, एवढंच होतं. दुसऱ्यात चुकीची नोंद तयार होत होती, आणि तीही ऐन काढणीच्या तोंडावर. शाळेतल्या पोरालाही यातला फरक कळेल.

टर्मिनलचा फायदा असा की रात्री काय झालं ते अक्षरशः ओळीओळीने उरलेलं असतं. एजंटने चालवलेली प्रत्येक कमांड आणि तिला मिळालेलं प्रत्येक उत्तर लॉगमध्ये होतं. मी वरून खाली वाचत गेलो आणि यादीशी येऊन थांबलो. एजंटला दिसलेली ओळ अशी होती: ‘फवारणी नोंदवताना औषधा’ आणि तिच्या शेवटी काळ्या चौकटीतलं प्रश्नचिन्ह. खालची ओळ: ‘फवारणी नोंदवताना औषधा’ आणि तेच प्रश्नचिन्ह. त्याखाली आणखी चार तशाच.

त्याला दिसलेली तिकिटं हुबेहूब सारखीच होती. त्याने सांगितलेलं काम केलं.

यादी सुबक दिसावी, रकाने सरळ रेषेत यावेत म्हणून मी पाटीमध्ये शीर्षक साठाला कापलं होतं. साठ अक्षरांना, असं मला वाटत होतं. गो भाषेत मजकुराचा तुकडा असा सरळ कापला की तो अक्षरांत नाही, बाइटमध्ये कापला जातो. यूटीएफ-8 या अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही प्रत्येकी वेगळी चिन्हं. ‘नोंदवताना’ आपण पाच अक्षरं म्हणून वाचतो, संगणकाकडे ती नऊ चिन्हं, सत्तावीस बाइट. हिशोब करून पाहा: ‘फवारणी’चे अठरा, जागेचा एक, ‘नोंदवताना’चे सत्तावीस, पुन्हा जागेचा एक, झाले सत्तेचाळीस. उरलेल्या तेरा बाइटांत ‘औषधा’ची चार चिन्हं बसतात आणि पुढच्या ‘च’चा एक बाइट तुटून लोंबत राहतो. ते काळं प्रश्नचिन्ह म्हणजे हा तुटलेला ‘च’. तीच तक्रार कोणी इंग्रजीत लिहिली असती तर साठात जवळपास पूर्ण मावली असती. मी पाटी तपासली होती ती इंग्रजी नमुन्यांवर, त्यामुळे तिथे काहीच दिसलं नाही.

यूटीएफ-8 रचलं केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी, 1992 मध्ये. 2009 मध्ये गो भाषा जगापुढे आणणाऱ्या तिघांतही हे दोघे होते. म्हणजे अक्षर आणि बाइट यांतला फरक ज्यांना सगळ्यांत जास्त ठाऊक, त्यांच्या भाषेत बसून मी तो विसरलो. त्या भाषेत अक्षराअक्षराने चालायची सोय आहे, पाठ्यपुस्तकात पहिल्या काही पानांतच सांगितलेली. चूक शंभर टक्के माझ्या एका ओळीची.

पण ती एक ओळ असूनही अनर्थ टळायला हवा होता, असं ताईचं म्हणणं पडलं, आणि ते मला त्या दिवशी पटलं नाही, दोन दिवसांनी पटलं. एकही तिकीट पूर्ण न वाचता ते बंद करता येतं, हे मुळात कसं चाललं? ‘शंका आली तरच उघड’ ही सूचना माझी होती. शंका यायला आधी फरक दिसावा लागतो.

आता आधी सगळं उलटं फिरवायचं होतं. लॉगमध्ये 41 तिकिटांचे क्रमांक होतेच, ते काढून सगळी पुन्हा उघडायला एक मिनिटही लागलं नसतं. मी कमांड लिहून एंटर दाबणार, तेवढ्यात दादाने खांद्यावर हात ठेवला. “थांब. उघडली की परत मेसेज जाईल.” आमच्या टूलमध्ये त्यानेच नियम लावला होता: तिकिटाची स्थिती बदलली की तक्रारदाराला आपोआप निरोप. रात्री ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ आणि सकाळी ‘आपली तक्रार पुन्हा नोंदवण्यात आली आहे’ असं जाणार होतं. निफाडला पहाटेची थंडी अशी पडली होती की मणी तडकू नयेत म्हणून लोक रात्रभर बागेत शेकोट्या करून जागे होते. अशा माणसाला सकाळी सकाळी हे दोन मेसेज वाचायला लावणं म्हणजे जखमेवर मीठ. मग आधी तो नियम बंद केला, तिकिटं उघडली, नियम परत चालू केला.

गेलेले मेसेज परत घेता येत नाहीत. दादाने तो अख्खा दिवस फोनवर काढला. 41 पैकी 12 तिकिटं खरोखरच डुप्लिकेट निघाली, ती त्याने हाताने बंद केली. उरलेल्या 29 तक्रारदारांना त्याने एकेक करून सांगितलं की चूक आमची आहे. एजंट वगैरे काही बोलला नाही. “त्यांना काय सांगू, कॉम्प्युटरने केलं? ते म्हणतील मग तुम्ही कशाला बसलाय तिथे.” प्रमाणाचा बग बुधवारी संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाला. पिंपळगावच्या भाऊंनी चुकलेल्या नोंदी वहीतल्या नोंदींशी ताडून बदलून घेतल्या. ते वही अजून ठेवतात, ॲपवर भरवसा नाही म्हणून, आणि त्या आठवड्यात आम्ही त्या वहीचे ऋणी होतो.

दादा आणि ताई यांच्यातला अबोला मात्र दोन दिवस टिकला. सकाळी टूल उघडल्यावर दादाला दिसलं ते ताईचं नाव. मला न विचारता माझी तिकिटं रात्रीतून बंद केली, हा त्याचा समज आणि तो रास्तच होता, कारण टूल तसंच सांगत होतं. ताईला वाटलं, याने माझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता. मी दोघांच्या मध्ये बसून लॉग दाखवत होतो. गुरुवारी सरांनी कोणी न मागता एजंटच्या खात्याचे पैसे भरले. खुर्चीचा विनोद त्यांनी परत केला नाही.

नव्या खात्याला आता तिकीट वाचायचा आणि त्यावर टिपण लिहायचा हक्क आहे, स्थिती बदलायचा नाही. ही मनाई टूलच्या बाजूला आहे, पाटीत नाही. उद्या पाटीत मी दुसरा घोळ घातला तरी तो घोळ बंद दारावर जाऊन आपटेल. पाटीतून ‘बंद’ काढून टाकली आणि तिच्या जागी ‘सुचव’ आणली. एजंट सुचवतो म्हणजे एका फाइलमध्ये ओळ लिहितो: हे तिकीट त्या तिकिटासारखं वाटतं, कारण अमुक, आणि दोन्हींतली मूळ वाक्यं. ‘बघ’ने दोन्ही तिकिटं त्याच बैठकीत उघडलेली नसतील तर ‘सुचव’ नकार देते. फाइल ताई वाचते, पटेल तिथे स्वतःच्या खात्यातून बंद करते.

कापाकापी पूर्ण काढली. पाटी आता पाहते की समोर माणसाची खिडकी आहे की दुसरा प्रोग्राम. माणूस असेल तर रकाने, अक्षरं मोजून कापलेले. प्रोग्राम असेल तर सगळं जसंच्या तसं जेसनमध्ये. तिथेही एक गंमत झाली. व्हॉट्सॲपचे मेसेज टूलमध्ये आणणारी दादाची जुनी स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे, आणि पायथनचं जेसन काही न सांगितल्यास देवनागरीचं प्रत्येक चिन्ह सहा रोमन अक्षरांच्या संकेतात लिहितं. एजंट ते वाचू शकतो, पण एका मेसेजची लांबी अनेक पटींनी फुगते आणि एजंटचं बिलही. एक पर्याय बदलला आणि बिल खाली आलं.

लॉग वाचताना आणखी एक गोष्ट सापडली, जी त्या रात्री घडली नाही पण घडू शकली असती. टूलच्या सर्व्हरने ‘फार वेळा विचारलंत, थांबा’ म्हणून 429 पाठवलं, तर पाटी गप्प बसायची आणि शून्य हा ‘काम झालं’ असं सांगणारा कोड परत करायची. एजंटच्या लेखी याचा अर्थ: एकही तिकीट नाही. माणूस रिकामी यादी पाहून चमकतो, प्रोग्राम चमकत नाही. आता चूक झाली की पाटी ‘चूक झाली’ असं सांगणारा कोड देते आणि काय चुकलं ते स्पष्ट लिहिते.

फेब्रुवारीत एका पॅकहाउसवाल्याने वैतागून तक्रार टाकली: ‘हजेरीचं सगळं बंद करून टाका, काही कामाचं नाही.’ दुसऱ्या दिवशी ताईच्या फाइलमध्ये ओळ होती: हजेरीसंबंधीची सर्व तिकिटं बंद करावीत, ग्राहकाची सूचना. तक्रारीतलं वाक्य एजंटने हुकूम म्हणून वाचलं. बाहेरून आलेल्या मजकुरात आज्ञा पेरून एजंटला वळवणं याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी 2022 मध्ये हे नाव रूढ केलं, आणि लोक सहसा त्याचा विचार करतात तो हल्लेखोराच्या संदर्भात. आमच्याकडे तो पाच वाजता मजूर मोजून दमलेला एक पॅकहाउसवाला होता. जानेवारीतली पाटी असती तर हजेरीची सगळी तिकिटं गेली असती. ताईने ती ओळ प्रिंट काढून स्वतःच्या टेबलाजवळ चिकटवली आहे.

सोमवारची सकाळ आता साधारण तासाभरात आटोपते. एजंटच्या सूचनांतल्या बहुतेक ताईला पटतात, काही पटत नाहीत, आणि न पटलेल्यांवर ती का ते लिहिते; पुढच्या वेळी ते टिपण एजंट वाचतो. दादाचं म्हणणं आहे की निदान त्याने स्वतः टाकलेली तिकिटं तरी एजंटला बंद करू द्यावीत, रोज तेच तेच बघून कंटाळा येतो. ताई म्हणते, हंगाम संपू दे, मे महिन्यात बोलू. मी यात मत देत नाही.

नावाची यादी न उघडण्याचं ते पहिलं तिकीट अजून उघडं आहे. ज्या जुन्या फोनवर तो बग येतो, तसा एक फोन आम्हाला आजवर मिळालेला नाही. चांदवडच्या एका काकांकडे आहे, आणि ते म्हणतात काढणी झाल्याशिवाय फोन देणार नाही.